दोन्ही पट्ट्या चांगल्या होत्या

शाळेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी मला वाचायचं काम मिळालं. मोठ्याने वाचायचं. कर्जतला दहिवलीच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे. तिथल्या आतल्या खोलीत खिडकी लावून, पंखा बंद करून मी मायक्रोफोनपुढे बसते आणि ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. जन्मभर वर्गात मराठी शिकवलं, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. घरातले म्हणतात, आता निदान कुणी मधेच पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारत नाही.

माझ्या ऐकणाऱ्यांत शेलूची एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, पण मास्तरणीला सगळ्या मुलीच. लहानपणीच्या आजारात तिची नजर गेली. स्टेशनच्या पलीकडे ज्या नव्या इमारती झाल्या त्यात आईवडिलांबरोबर राहते, आणि एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे. ही गोष्ट घडली त्या वर्षी तिला खात्याची परीक्षा द्यायची होती. पास झाली तर टेलिफोनवरून उठून कारकुनाच्या टेबलाशी बसणार होती. पण परीक्षेची पुस्तकं म्हणजे नियमावल्यांच्या झेरॉक्स, त्याही तिरक्या, कडेच्या ओळी काळवंडलेल्या. फोन हल्ली पानं वाचून दाखवतो, पण असल्या पानांवर त्याची भंबेरी उडते. एकदा तिने मला ऐकवलं होतं. ‘अर्जित रजा’ला तो काहीतरी भलतंच म्हणत होता, आम्ही दोघी हसून हसून थकलो. मग ठरलं की सगळी पुस्तकं मी वाचायची, एकेक प्रकरण करून, आणि झालं की इंटरनेटवरून तिला पाठवायचं.

चार-पाच प्रकरणं नीट गेली. कॉम्प्युटर जुना होता, असेंबल केलेला, फाईल तयार करायला वेळ लावायचा. माझा पुण्याचा भाचा आला होता. तो म्हणाला, “मावशी, याला रॅम कमी पडतेय. अजून एक पट्टी टाकली की पळायला लागेल.” कॉम्प्युटरला हाताशी काम ठेवायला जी जागा लागते ती रॅम, एवढं मला त्याने समजावलं. एक बोटभर रुंद हिरवी पट्टी असते, ती मदरबोर्डवरच्या खाचेत बसवायची. बोर्ड म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मोठा पाट. त्याने पट्टी मागवली, बसवली आणि तो गेला. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. मी फोन करून भाच्याचं कौतुकही केलं.

आठवडाभराने पहिल्यांदा पडदा निळा झाला. मी रजेच्या नियमांचं प्रकरण वाचत होते, शेवटचं पान राहिलं होतं, आणि निळ्यावर पांढरी अक्षरं येऊन सगळं बंद पडलं. परत चालू केलं तर पाऊण तासाचं वाचन गायब. वाटलं, झालं असेल एखाद वेळी. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग कधी दिवसातून दोनदा, तर कधी सलग तीन दिवस काहीच नाही. या तीन दिवसांनी मला जास्त छळलं, कारण बरं झालं असं वाटून मी पुन्हा लांबलचक वाचायला बसायची. मला सुचतील ते उपाय केले. धूळ झटकली. व्हायरसचा प्रोग्रॅम चालवला. कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये कॉम्प्युटर सांभाळणारा माझा एक जुना विद्यार्थी येऊन सगळं पुसून नव्याने विंडोज टाकून गेला. चार दिवस शांतता, मग पुन्हा निळं.

याच सुमारास शेलूहून फोन आला.

“बाई, काल पाठवलेल्या प्रकरणात टकटक आहे.”

“कसली टकटक?”

“अशी… नखाने टेबलावर वाजवल्यासारखी. एकदाच येते. बाराव्या मिनिटाला एक, आणि पुढे तिसाव्याच्या आसपास एक.”

मी माझ्याकडची मूळ फाईल लावून ऐकली. बाराव्या मिनिटाला काही नव्हतं, तिसाव्याला काही नव्हतं. तिला म्हटलं, वाटेत काही झालं असेल, परत पाठवते. नव्याने फाईल तयार करून पाठवली. संध्याकाळी पुन्हा फोन.

“बाई, आता बाराव्याला नाही. आता सातव्याला आहे.”

खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. मी इथे निळ्या पडद्याशी झगडतेय, गेलेली प्रकरणं परत वाचतेय, आणि ही नखाच्या आवाजाचे हिशेब सांगतेय. मी जरा तुटकपणे म्हणाले, “अगं, तुझा फोन तपासून घे एकदा.”  ती म्हणाली, “घेते, बाई.” पुढचे काही दिवस तिने टकटकीचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

खोपोलीच्या ताईंबद्दल मला बँकेतल्या एका मॅनेजरबाईंनी सांगितलं. त्यांच्या शाखेतलं कुणालाच न उलगडलेलं एक दुखणं या ताईंनी शोधलं होतं. “बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे, पण दुकानात त्या फारशा सापडत नाहीत. जिथे मशीन बिघडतं तिथेच जाऊन बघतात,” असं त्या म्हणाल्या. मी फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून ताई आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, सुती ड्रेसवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीला पिशवी. खालापूरच्या बाजूच्या एका गावातल्या. घरी भातशेती. खोपोलीच्या एका कारखान्यात त्या बरीच वर्षं मापयंत्रांच्या विभागात होत्या. दाब, तापमान मोजणारी जी यंत्रं असतात ती बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं त्यांचं काम. कारखान्याचा तो विभाग बंद झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्ती शिकून घेतली. हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मला वाटलं होतं, आल्या आल्या पेटी उघडतील. त्यांनी पिशवीतून एक वही काढली आणि स्टुलावर बसल्या.

“बाई, पयल्यांदा कदी बंद पडला?”

मी सांगितलं.

“त्याच्या आदी काय बदललं व्हतं? घरात, मशीनमदी, लाईटीत?”

भाच्याने पट्टी बसवली ते मी सांगितलं, आणि त्याच दमात हेही सांगितलं की गणपतीनंतर आमच्या इमारतीत लाईट सारखी कमीजास्त होते, खालच्या मजल्यावर फ्रिज जळाला. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. बंद पडतो तेव्हा काय चालू असतं, पंखा चालू असतो का, दुपारी जास्त पडतो की सकाळी, असं अर्धा तास चाललं होतं. वर्गात प्रश्न मी विचारायची. इतके सरळ आणि एकापुढे एक लागणारे प्रश्न मला मात्र क्वचितच सुचले असतील. मग त्यांनी मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटचं माप घेतलं, मशीनला वीज पुरवणारा डबा तपासला, आणि म्हणाल्या, “हा डबा जुना झालाय. लाईट हलली का ह्यो पन हलतो. पयला ह्यो बदलू.”

डबा बदलला. चार दिवस कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी उत्साहाने दोन प्रकरणं पुरी केली. पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता, निलंबनाच्या नियमांमध्ये, निळं.

मी फोन केला तेव्हा माझा आवाज चांगला नव्हता. मी म्हणाले, “ताई, तुमच्यावर विश्वास ठेवून मी चार दिवस वाचलं हो.” पलीकडून कारणं येतील अशी माझी अपेक्षा होती. लाईट खराब, विंडोज खराब, तुम्हीच काहीतरी केलं असेल, असं काहीतरी. दुरुस्तीवाल्यांकडून मी आयुष्यभर तेच ऐकलं होतं.

ताई म्हणाल्या, “माजं चुकलं, बाई. डबा खराब व्हता, पन दुखनं त्याचं नव्हतं. उद्या येते.”

एवढंच. मी फोन ठेवून तशीच उभी राहिले. शिक्षिका म्हणून मी हजारो मुलांना चूक कबूल करा म्हणून सांगितलं असेल, पण फळ्यावर स्वतःची चूक झाली तर मी ती हळूच पुसायची. या बाईने ती एका वाक्यात सांगून टाकली, आणि त्यात स्वतःला बोल लावणंही नव्हतं, नाटकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आल्यावर त्यांनी वही उघडली. आधीचा निष्कर्ष खोडला नव्हता, त्याच्यापुढे फक्त ‘नाही’ असं लिहिलं होतं. पुन्हा प्रश्न सुरू झाले. शेवटी त्यांनी विचारलं, “बंद पडन्याशिवाय दुसरं काय वेगळं झालंय का? बारीकसं काय पन. तुमाला वाटंल का ह्याचा काय संबंद, तरी सांगा.”

मी सहज म्हणाले, “नाही हो. एक शेलूची मुलगी म्हणत होती की फाईलमध्ये टकटक येते. पण ते तिच्या फोनचं असणार. मी ऐकलं, माझ्याकडे काही नव्हतं.”

ताईंचं पेन थांबलं. “दुसऱ्यांदा पाटवली का तिला?”

“पाठवली. तर म्हणे आता आवाज दुसरीकडे आहे.”

“दुसरीकडं?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “बाई, फोन लावा तिला.”

फोन स्पीकरवर ठेवला. शेलूच्या मुलीची जेवणाची सुट्टी होती. ताईंनी स्वतःची ओळख करून दिली आणि विचारलं, “ताई, तो आवाज कदी आला त्ये आठवतंय का?”

पलीकडून उत्तर आलं, “मी लिहून ठेवलंय.” ती ब्रेलमध्ये टिपणं काढते. आणि तिने वाचायला सुरुवात केली. पहिली प्रत, बारावं मिनिट, चाळिसावा सेकंद. दुसरी प्रत, सातवं मिनिट, चौथा सेकंद. मग पुढची प्रकरणं. मी तिला फोन तपास म्हणून सांगितल्यानंतरही तिने प्रत्येक फाईलच्या नोंदी ठेवल्या होत्या. मला सांगितल्या नव्हत्या एवढंच. “फोन मी तपासला,” ती म्हणाली. “वडिलांच्या फोनवर लावून पाहिलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही लावलं. एका फाईलमधली टकटक सगळीकडे त्याच जागी येते. म्हणून मला कळलं की ती फाईलमध्येच आहे.”

ताई वहीत भराभर लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “तू माजं अर्दं काम करून ठिवलंस गं.” आणि फोन बंद झाल्यावर मला, “बाई, तुमची मूळ फाईल चांगली. प्रत काडताना बिगडते, आनि दर वक्ताला वेगळीकडं बिगडते. म्हंजे मशीन ज्या हातानं उचलून ठिवतं त्यो हात थरथरतोय. रॅम.”

मला मान वर करवेना. ज्या गोष्टीला मी तिच्या कानाचे चोचले समजले होते तीच नेमकी खूण होती, आणि मी ती पहिल्याच दिवशी ताईंना सांगितली असती तर डबाही बदलावा लागला नसता. मी तसं म्हणाले. ताई म्हणाल्या, “मी पन नाय इचारलं नीट.” आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

त्यानंतरचे दोन दिवस मी ज्याला तपासणी म्हणतात ती पाहिली. रॅम तपासणारा एक प्रोग्रॅम असतो. तो विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतो, पट्टीच्या घराघरात आकडा ठेवतो आणि तोच आकडा परत मिळतो का बघतो. चुकलं की लाल ओळ. एक फेरी पुरी व्हायला तास-दीड तास. ताईंनी आधी नवी पट्टी काढून बाजूला ठेवली आणि एकट्या जुनीला तपासायला लावलं. तीन फेऱ्या, एकही चूक नाही. मग तीच जुनी पट्टी दुसऱ्या खाचेत. चूक नाही. मग एकटी नवी पट्टी, पहिल्या खाचेत, दुसऱ्या खाचेत. चूक नाही. त्यांना इतर कामंही होती, म्हणून चालू करून त्या जायच्या आणि मी बघत बसायची. दर फेरीला फोन करून आकडा सांगायचा, असं ठरलं होतं.

“शून्य, ताई.”

“लिवा.”

“पुन्हा शून्य.”

“लिवा, बाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आल्या तेव्हा मी कंटाळून म्हणाले, “दोन्ही पट्ट्या चांगल्या आहेत, दोन्ही खाचा चांगल्या आहेत. मग बिघडलंय काय?” त्या म्हणाल्या, “आता दोनी एकत्र लावू.”

दोन्ही पट्ट्या एकत्र लावल्या आणि विसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ उमटली. मग दुसरी. पहिली फेरी संपेपर्यंत अर्धा पडदा लाल झाला होता. चोर सापडल्यासारखा आनंद होऊन मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. ताई मात्र हनुवटीवर हात ठेवून बघत होत्या.

त्यांनी मला समजावलं ते असं. प्रत्येक पट्टीवर एक बारीक नोंद असते, मी किती वेगाने चालू शकते, किती थांबून उत्तर देते याची. बोर्ड ती नोंद वाचतो आणि दोघींना चालेल असा वेग ठरवतो. आमचा बोर्ड जुना, नवी पट्टी त्याच्यानंतर निघालेली. तिची नोंद त्याला नीट उमगत नव्हती. तो ठरवायचा त्या वेगाला दोघी एकत्र असल्या की एखादं उत्तर चुकायचं. लाखांत एखादं. ते जर विंडोजच्या कामाच्या जागी पडलं तर निळा पडदा, आणि माझ्या आवाजाच्या जागी पडलं तर टकटक.

“खराब कोनीच नाय,” ताई म्हणाल्या. “तुमच्या भाच्याला सांगा, त्याची पट्टी पन चांगली हाय. त्याला वाईट वाटायला नको.”

हे मी पुढेही पाहिलं. त्यांना दोष शोधायचा असायचा, दोषी नाही. भाच्यावर मी मनातून चिडले होते, ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

बोर्डला नव्या पट्ट्यांची ओळख व्हावी म्हणून बोर्ड बनवणारे त्याच्या आतला मूळ प्रोग्रॅम मधून मधून सुधारून देतात. तो आमच्या बोर्डवर घालायचं ठरलं. पण ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जातो. युपीएस होता, तरी ताईंनी लाईनमनला फोन करून विचारलं की आज कुठे काम काढलंय का. “बाराच्या आत करा, मग सांगता येत नाय,” असं उत्तर आलं. साडेदहाला सुरू केलं. पडद्यावर एक पट्टा हळूहळू पुढे सरकत होता आणि आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारख्या उभ्या होतो. ताई एरवी इतक्या शांत, पण त्या पाच मिनिटांत त्यांनी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. झालं, आणि मशीन परत सुरू झालं, तेव्हा त्यांनी जो श्वास सोडला तो मला ऐकू आला.

त्यानंतर लाल ओळी अर्ध्या पडद्यावरून दोन-तीनवर आल्या. मग ताईंनी वेग मुद्दाम कमी केला. तीन फेऱ्या शून्य. चौथ्या फेरीत, भर दुपारी खोली तापलेली असताना, एक ओळ.

“एकच आहे,” मी म्हणाले. “चालेल की हो. आता कुठे बंद पडणार आहे!”

“ती एक चूक तुमच्या आवाजात कुटं पडंल, सांगता यील?” त्यांनी विचारलं. “आनि त्या शेलूच्या ताईला ती ऐकू येनार. तिला परत फोन तपास म्हनून सांगनार का?”

 त्यांनी नवी पट्टी काढली, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “सद्या जुनी येकटीच ऱ्हाऊ द्या. हळू चालंल, पन खरं चालंल. मी जोडी शोदते.”

जोडी शोधणं म्हणजे काय ते मला त्यांनी फोनवर दाखवलं. बोर्ड बनवणारे एक यादी देतात, कुठल्या पट्ट्या आम्ही स्वतः लावून बघितल्या त्याची. मुंगीएवढ्या अक्षरांतली, नुसत्या आकड्या-अक्षरांची पानंच्या पानं. दुकानदार म्हणतो, सगळ्या सारख्याच असतात, कुठलीही लावा. ताई त्या यादीतला एकेक क्रमांक वहीत उतरवून घेऊन कल्याण-पनवेलच्या ओळखीच्या लोकांना फोन करत होत्या. त्यात भातकापणी आली. चार दिवस त्या शेतावर होत्या. मी एकदा काही विचारायला फोन केला तर मागे कापणाऱ्या बायकांचे आवाज येत होते आणि ताई म्हणाल्या, “बाई, हातात इळा हाय, दुपारी बोलू.” दुपारी, झाडाखाली भाकरी खाता खाता असणार, त्यांनी आठवणीने फोन केला, आणि पनवेलला एकाकडे यादीतली जोडी असल्याचंही तेव्हाच सांगितलं.

मधल्या दिवसांत मी वाचत होते. कॉम्प्युटर खरंच हळू झाला होता. फाईल तयार व्हायला लावून मी कुकर लावून यायची. पण निळा पडदा एकदाही आला नाही, आणि शेलूहून उत्तर यायचं, “स्वच्छ आहे, बाई.” ताईंनी सांगितलं होतं की मधल्या काळातलं सगळं संशयाचं. त्यामुळे नवी पट्टी बसवल्यापासूनची सगळी प्रकरणं मी मुलीच्या नोंदींशी ताडून पाहिली. जिथे मूळ फाईल चांगली होती तिथे नवी प्रत काढली. अकरा प्रकरणं मात्र मुळातच गेलेली किंवा बिघडलेली होती, ती परत वाचली. मी मुलीची माफीही मागितली. ती म्हणाली, “बाई, मला सवय आहे. लोक म्हणतात, तुला भास झाला असेल. म्हणून तर लिहून ठेवते.” हे ती अगदी साधेपणाने म्हणाली. मला ते अजून टोचतं.

जोडी आली ती कापणी आटोपल्यावर. ताईंनी शनिवारी बसवली, आणि रविवारी दुपारपर्यंत तपासणी अखंड चालू ठेवली. पूर्ण वेगाने, सगळ्या फेऱ्या शून्य. तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं. “मशीनचं मशीनला इचारून झालं,” त्या म्हणाल्या. “आता ऐकनाऱ्याला इचारू.” रविवारी शेलूची मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे आली. मी तिला आणि ताईंना पहिल्यांदाच समोरासमोर पाहत होते. ताईंनी तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, काढून ठेवलेल्या आधीच्या दोन पट्ट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. मुलीने पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं, त्या बारीक सोनेरी दातांवरून. “एवढीशी?” ती म्हणाली.

“एवडीशीच,” ताई म्हणाल्या. “तुज्या कानानं धरली तिला.”

मग परीक्षा सुरू झाली. एकाच प्रकरणाच्या दहा प्रती काढल्या. ताई एका प्रोग्रॅमने प्रत्येक फाईलचा ठसा काढत होत्या. फाईलमधलं एक अक्षर जरी हललं तरी तो आकडा बदलतो. दहाही ठसे सारखे आले. मुलीने हेडफोन लावला आणि पहिली प्रत ऐकायला घेतली. आम्ही चहा ठेवला. पंचविसाव्या मिनिटाला तिने हात वर केला.

“इथे आहे.”

 ताई तिच्याजवळ आल्या. तिने दुसरी प्रत त्याच जागी लावली. “इथेही.” तिसरी. “इथेही.” ताईंनी आकडे पुन्हा पाहिले. ठसे सारखेच होते. “सगळ्यांत एकाच जागी?” त्यांनी विचारलं. “म्हंजे मुळातच हाय. बाई, ह्ये वाचताना काय पडलं व्हतं का?”

मुलगी ती जागा पुन्हा ऐकत होती. तिने मान कलती केली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “ही टकटक नाही. चुकचुक आहे. बाई, तुमच्या खोलीत पाल आहे!”

ताई इतक्या मोठ्याने हसल्या की तिचे वडील बाल्कनीतून आत आले. मी शपथेवर सांगते, ती पाल मला आजपर्यंत दिसलेली नाही. पण त्या प्रकरणात ती आहे, आणि मुलीने ते प्रकरण परत वाचू दिलं नाही. म्हणाली, राहू दे, तेवढा नियम तरी लक्षात राहील.

निघताना ताईंनी वहीतलं ते पान मला दाखवलं. पहिली ओळ: वीज पुरवठा, नाही. खाली चारी तपासण्यांची शून्यं, मी फोनवर सांगितलेली. मग लाल ओळींचे आकडे. शेवटी बोर्डचा क्रमांक, पट्ट्यांचा क्रमांक, आणि त्यापुढे ‘ऐकून खात्री केली’. मी विचारलं, चुकलेला अंदाजही का ठेवता? म्हणाल्या, “पुडच्या वक्ताला असंच दुखनं आलं तं पयल्यांदा कुटं जाऊ नये त्ये कळतं.”

परीक्षा थंडीत झाली. निकाल लागायला बरेच महिने गेले. तोवर मी दुसऱ्या कुणासाठी इतिहासाचं पुस्तक वाचायला घेतलं होतं. एका दुपारी शेलूहून फोन आला, मुलगी पास झाली होती. मी आनंदाने ओरडलेच. म्हटलं, घरी सांगितलंस का? “सांगितलं,” ती म्हणाली. “मग खोपोलीला ताईंना फोन केला. आणि आता तुम्हाला.”

क्षणभर मला वाटलं, इतकी पुस्तकं वाचली मी, आणि माझा नंबर तिसरा? पण फोन ठेवून स्वयंपाकघरात जाईपर्यंत ते ओसरलं. तिला भास होतो असं न म्हणता, ‘आवाज कधी आला’ एवढंच विचारणारं पहिलं माणूस ताई होत्या. मी ताईंना फोन लावला. त्यांना बातमी आधीच कळली होती, तरी मी ती पुन्हा सांगितली आणि त्यांनी ती पुन्हा पहिल्यासारखी ऐकून घेतली.